पुलावर नेटवर्क नसतं

सोमवार, ४ मार्च

लेकीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. नाहीतर माझी शाळा सुटल्यापासून मी फक्त भिंतीवरचं दरपत्रक लिहिलंय. बाई म्हणाल्या, "कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन तपासायचं नाही, मनात येईल ते उतरवायचं." माझ्या मनात येईल ते उतरवलं तर गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्या पार्लरची पायरी चढायच्या नाहीत. पण बाईंना नाही म्हणता येत नाही. त्यांचा आवाज इतका मऊ आहे की नाही म्हटल्यावर आपल्यालाच लाज वाटते.

असंच नाही म्हणता न आल्यानं मी त्यांना सोमवारसाठी दुकानही देऊन बसले. सोमवारी पार्लर बंद असतं. बाईंना पालकांच्या गटासाठी जागा हवी होती, आणि ती शाळेत नको होती. शाळेत बोलावलं की आईबाप आधीच घाबरतात, पोरानं काय दिवे लावले म्हणून. घरात काही ना काही बिघडलंय आणि पदरात पोरं आहेत, अशा लोकांनी एकत्र बसून बोलायचं, एवढाच त्या गटाचा कार्यक्रम. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, जागा माझी, पण बोलायला मी बसणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं."

आज पहिली बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बाई धरून चार माणसं गोलात बसून एकमेकांच्या चपला बघत होती. एक वेल्डर आहे, हातावर ठिणग्यांचे डाग, बायकांच्या पार्लरमध्ये शिरायचं म्हणून पार अवघडलेला. एक रिटायर झालेल्या नर्स आहेत, घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांना सगळे सिस्टर आजी म्हणतात. एक पोस्टात कामाला आहे. तिचे केस चांगले आहेत, पण टोकांना दुभंगलेत. तासभर फक्त पोस्टातलीच बोलली, आणि तेही दुसऱ्यांनी काय करावं यावर.

गुरुवार, ७ मार्च

आज ह्यांचा फोन होता. गुरुवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी येतो आणि ठरलेल्या वेळी कट होतो.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. मुंगीचे बाबा तुरुंगात आहेत. टेम्पो चालवायचे. एका दुपारी पिऊन चालवला आणि सायकलवरचा एक माणूस गेला. मुंगी म्हणजे माझी लेक. लहानपणी बारीक होती आणि सतत इकडून तिकडे, म्हणून मुंगी. आता सहावीत आहे. तिला सांगितलंय की बाबा दूर डोंगरात मोठ्या पुलाच्या कामावर आहेत आणि पुलावर नेटवर्क नसतं, म्हणून आठवड्यातून एकदाच फोन. हे मला आयत्या वेळी सुचलं होतं. एकदा सांगितल्यावर मग त्याच पुलाला रोज नवा खांब लावत बसावं लागलं.

पूर्वी ती फोनवर सोडायची नाही. पूल किती झाला, खाली नदी आहे का, रात्री थंडी वाजते का. पुलाची चित्रं काढायची. हल्ली "हो", "नाही", "ठीक आहे" आणि फोन माझ्या हातात. आज ती आत गेल्यावर हे म्हणाले, "पोर हातातून चालली गं माझी. सुटून येईन तेव्हा ती मला ओळख तरी दाखवेल का?"

मी म्हटलं, वय आहे तिचं, या वयात सगळीच अशी होतात. मग फोन कट झाला.

मला ह्यांचा राग आहे. तो लिहूनही कमी होत नाहीये. पण आज फोन कट झाल्यावरही मी तो बराच वेळ कानालाच धरून होते, हेही खरं आहे.

सोमवार, ११ मार्च

गंमत झाली. वेल्डर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि खुर्चीचा पाय वाकला. सगळे उभे राहिले. बिचारा इतका ओशाळला की म्हटलं, इकडे बसा, आणि त्याला माझ्या गिऱ्हाइकांच्या फिरत्या खुर्चीत बसवलं. समोर आरसा. माणूस त्या खुर्चीत बसला की माझे हात आपोआप चालतात. मी त्याच्या अंगावर कापड टाकलं, मानेवर फवारा मारला आणि कात्री घेतली. त्यानंही नको म्हटलं नाही. मानेवरचे केस फारच वाढले होते.

आणि तो बोलायला लागला. आमच्याकडे न बघता आरशाकडे बघून. त्याची बायको मनोरुग्णांच्या दवाखान्यात आहे. कधी परत येईल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मुलगा दुसरीत आहे, त्याला सांगितलंय की आई आजोळी गेलीय. मुलगा रोज विचारतो, आजोळी फोन नाही का. वेल्डर बोलत राहिला, मी कापत राहिले, आणि मागे सगळे ऐकत होते.

हे मला आधी कळायला हवं होतं. इतकी वर्षं बायका या खुर्चीत बसून आरशाला काय काय सांगतात. समोरासमोर बसवलं तर त्यातलं एक अक्षर बोलायच्या नाहीत. आपल्याला तोंड बघून बोलता येत नाही, पण आरशातल्या तोंडाशी येतं.

त्याचं संपल्यावर पोस्टातली लगेच सुरू झाली, "तुम्ही ना, त्याला सरळ..." मी कात्री हातात धरूनच तिला थांबवलं. म्हटलं, माझ्या दुकानात एक नियम. खुर्चीतल्या माणसानं विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हा नियम छान आहे. पोस्टातलीचं तोंड एवढंसं झालं. पण मग तीही खुर्चीत बसली, आणि तिची दोन्ही मुलं एक आठवडा हिच्याकडे आणि एक आठवडा नवऱ्याकडे असतात, बॅगा कधीच पूर्ण उघडत नाहीत, हे सांगताना ती समोरचे कंगवे ओळीनं लावत राहिली.

शनिवार, १६ मार्च

आज ह्यांच्या भेटीला गेले. मुंगीला सांगते की घाऊक बाजारातून माल आणायला जातेय. रंग, शांपू, तेल. येताना खरोखर दोन बाटल्या घेऊन येते.

निघताना मुंगीनं पाण्याची बाटली भरून दिली आणि विचारलं, "ओळखपत्र घेतलंस का?" शांपू घ्यायला ओळखपत्र कशाला लागतंय! पण खरंच ते कपाटात राहिलं होतं, आणि त्याशिवाय मला फाटकातूनच परत पाठवलं असतं. पोरीचं डोकं कुठे कुठे चालेल सांगता येत नाही. दोन तासांचा बसचा हेलपाटा वाचला.

ह्यांचे केस तिथल्या न्हाव्यानं भलतेच कापलेत. कानावर एकीकडे जास्त, एकीकडे कमी. काचेपलीकडे माणूस आणि मध्ये टेलिफोनचा रिसीव्हर, आणि माझं सगळं लक्ष त्या कानांवर.

ते म्हणाले, तिला सांगू या का? मी म्हटलं, अजिबात नाही. शाळेत पोरं जगू देणार नाहीत तिला.

सोमवार, १८ मार्च

आज मीही बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. सिस्टर आजी म्हणाल्या, "आज तू बस, मी तुझी वेणी घालते." वेणी घालायला लहानपणानंतर कुणी मागे उभं राहिलेलं नाही. त्यांचे हात नर्सचे, कुठे ओढत नाहीत. मग काय, अपघात, तुरुंग, पूल, सगळं बाहेर आलं. मुंगी शेजारी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, सोमवारी मी तिला मुद्दाम पाठवते.

सिस्टर आजींची मुलगी गोळ्यांच्या नादाला लागून वर्षानुवर्षं गायब आहे. नातू त्यांच्याकडे आहे. "त्याला खरं सांगितलंत?" मी विचारलं. म्हणाल्या, "सांगितलं. माझ्याच शब्दांत, तीनदा चुकून, चौथ्यांदा नीट." नंतर काही बोलल्या नाहीत. मी विचारलं नव्हतं ना. माझाच नियम.

मी त्यांना सांगितलं, माझं वेगळं आहे. मुंगी अजून लहान आहे मनानं, तिला पूल पुरतो.

गुरुवार, २८ मार्च

फोनवर मुंगी आज अर्धं मिनिटही बोलली नाही. "बाबा, उशी देतात का?" एवढं विचारलं, आणि मग "आई, घे." पुलावर उशी कोण देतं? कंत्राटदार देत असेल, असं तिला वाटत असणार.

काल एक नवी बाई केसांना रंग लावायला आली होती. चौकशा फार. "साहेब कुठे असतात?" मी तोंड उघडायच्या आत मुंगी आतून आली आणि घडाघडा सांगायला लागली, "बाबा डोंगरात पुलावर असतात, क्रेन चालवतात, तिथे नेटवर्क नसतं, तुम्हाला पाणी देऊ का?" इतकं चटपटीत की त्या बाईला पुढचा प्रश्नच सुचेना. माझ्यासारखीच जिभेची तिखट होणार ही.

क्रेनचं मी तिला कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक. सांगितलं असेल.

सोमवार, ८ एप्रिल

आज जे झालं त्यानं मी अजून अस्वस्थ आहे, आणि नक्की कशानं ते कळत नाही.

वेल्डरनं ठरवलं होतं की मुलाला खरं सांगायचं. पण जीभ वळत नाही म्हणाला. म्हणून आम्ही सराव करायचं ठरवलं. दोन्ही फिरत्या खुर्च्या शेजारी लावल्या. एका खुर्चीत वेल्डर, दुसरीत त्याचा मुलगा म्हणून कुणीतरी बसायचं. पोस्टातली बसली तर वेल्डरला हसू फुटलं, एवढ्या लिपस्टिकचा मुलगा त्याला चालेना. तेवढ्यात मुंगी आली. मैत्रिणीच्या घरी पाहुणे आले होते. वेल्डर माझ्याकडे बघून म्हणाला, "हिलाच सांगून बघू का? पोरासमोर बोलायची सवय होईल."

बाई काहीतरी म्हणणार होत्या. मी म्हटलं, बसू द्या की, तिला नाटकाची आवड आहे. मुंगीला सांगितलं, तू काकांचा मुलगा, तुझी आई आजोळी गेलीय असं तुला सांगितलंय. तिनं मान हलवली आणि बसली. मोठ्या खुर्चीत तिचे पाय टेकत नाहीत.

वेल्डर आरशाकडे बघून म्हणाला, "बाळा, आई आजोळी नाहीये. दवाखान्यात आहे. तिच्या मनाला बरं नाही. अजून किती दिवस लागतील, मला माहीत नाही."

मुंगीनं खुर्चीचे दोन्ही हात धरले. मग अगदी हळू म्हणाली, "मग आजोळी गेली असं का सांगितलं?"

"तुला भीती वाटेल म्हणून."

"भीती तर वाटतच होती. पण ती कुणाला सांगणार होतो मी? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की मला माहीत आहे."

वेल्डर आपलं पाठ केलेलं विसरला. त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही आजोळचं सांगताना चांगलं हसायचात. मला वाटलं, असू दे."

मग ती खुर्चीतून उतरली, "संपलं ना?" म्हणाली आणि आत जाऊन नळ सुरू केला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

वेल्डर रडला. मी म्हटलं, बघितलंत, नाटकाच्या वर्गाला घालायला हवं हिला. सिस्टर आजी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी केसांत हात फिरवून पाहिला, काही अडकलंय की काय. शेवटी बाई म्हणाल्या, "यापुढे मुलांना असं बसवायचं नाही, हं. माझी चूक झाली, मी थांबवायला हवं होतं." मला ते लागलं. माझी मुलगी इतकं छान बोलली आणि बाईंना चूक दिसली.

बुधवार, १० एप्रिल

गिऱ्हाइकाची कानापुढची बट एकीकडे जास्त उडाली. माझ्या हातून असं कधी होत नाही. दुसरीकडेही तेवढीच उडवून बरोबर केलं आणि हीच फॅशन आहे म्हणून सांगितलं.

मुंगी काय म्हणाली ते सारखं डोक्यात येतंय. वेल्डरचा मुलगा सात वर्षांचा आहे. सात वर्षांचं पोर असं बोलेल का?

मग वाटतं, तिला वाचनाची सवय आहे, कुठल्यातरी गोष्टीतलं असेल.

सोमवार, १५ एप्रिल

वेल्डरनं सांगून टाकलं. मुलाला शनिवारी कारखान्यात नेलं, यंत्रं दाखवली, आणि स्वतःच्या तोंडावर वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा घातला असताना सांगितलं. म्हणाला, "मुखवट्यात बरं पडलं, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं." मुलानं पहिला प्रश्न विचारला, दवाखान्यात आईला अंघोळ कोण घालतं. दुसरा, मला भेटता येईल का. आता रविवारी दोघं जाणार आहेत.

पोस्टातलीनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मी मात्र दोनच वाजवल्या आणि चहाचे कप आवरायला लागले. मी काय विचार करतेय ते इथेही लिहवत नाहीये.

गुरुवार, १८ एप्रिल

आज मुंगी फोनवर आलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली. मी फोन कानाला धरून ह्यांना खोटं सांगितलं की ती झोपली. ते म्हणाले, "एवढ्या लवकर?" आणि मग, "राहू दे." ते "राहू दे" मला सहन झालं नाही. ह्यांना राग येतो तेव्हा मला त्रास होत नाही. ह्यांनी आशा सोडली की होतो.

फोन ठेवून आत गेले तर मुंगी पलंगावर पडून छत बघत होती. पोटाला हातही नव्हता.

सांगायचं. ठरलं. पुलाचं काम आता मी थांबवतेय.

सोमवार, २२ एप्रिल

आज गटाला येऊ नका म्हणून निरोप दिला. कुणी का विचारलं नाही.

दुपारी मुंगीला म्हटलं, चल, तुझ्या कपाळावरचे केस डोळ्यांत यायला लागलेत. ती खुर्चीत बसली. कापड बांधलं, पाणी मारलं, पुढच्या केसांचा एक भाग कंगव्यात धरला. आरशात आम्ही दोघी. मी वेल्डरसारखंच पाठ केलं होतं आणि वेल्डरसारखंच विसरले.

"मुंगे, बाबा पुलावर नाहीत."

ती आरशात माझ्याकडे बघत राहिली.

"तुरुंगात आहेत. दारू पिऊन गाडी चालवली आणि त्यात एक माणूस गेला. चूक त्यांची होती. मी तुला खोटं सांगितलं. ती चूक माझी."

तिनं डोळे मोठे केले, तोंड थोडं उघडलं. अगदी जसं पाहिजे तसं आश्चर्य दाखवलं. "हो?" म्हणाली. मग मान खाली घातली. मी कात्री चालवली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. अर्धे केस कापून झाले होते. तेव्हा तिनं विचारलं, "आई, त्या सायकलवाल्या काकांना मुलं होती का?"

माझी कात्री थांबली.

मी सायकल म्हटलंच नव्हतं.

तिलाही ते कळलं. आरशात तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. आत्तापर्यंत धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटल्यासारखा. ओळखपत्र, उशी, पाण्याची बाटली, त्या चौकस बाईला दिलेलं उत्तर, खुर्चीत बसून वेल्डरला सांगितलेलं, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. कुणाला सांगायचं तर मी किती आंधळी, आणि तेही दिवसभर आरशासमोर उभी राहणारी.

मी खुर्ची फिरवली. इतके दिवस सगळ्यांना आरशात बोलायला लावलं, पण हे आरशात होणार नव्हतं. ती खुर्ची फिरताना कर्रकन वाजते, कधीपासून तेल घालायचं राहिलंय. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"एक मुलगा आहे त्यांना," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा थोडा मोठा."

तिनं कापडावरचे केस बोटांनी गोळा केले. मग म्हणाली, "त्याला कुणी पूल नाही सांगितला."

"नाही."

मग मीच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पाचवीत असताना. शाळेत एका मुलीनं सांगितलं, तिच्या वडिलांनी पेपरात वाचलं होतं. आधी मी तिला मारलं. तुला वर्गाच्या बाईंनी बोलावलं होतं बघ." मला आठवलं. मी तिला तेव्हा दोन दिवस टीव्ही बंद केला होता.

"मग मला का नाही विचारलंस?"

तिनं खांदे उडवले. "मला वाटलं, तू पण पुलाचं सांगताना थोडा वेळ खरंच मानतेस. मग कशाला मोडायचं."

मी रडले. तीही रडली. कापडावर कापलेले केस होते, ते दोघींच्या तोंडाला चिकटले. "फोनवर बोलायला आवडत नाही मला," ती म्हणाली. "बाबा पण पुलाचंच बोलतात. मग मला वाटतं, ते दुसऱ्याच कुणाशी बोलतायत." मी म्हटलं, भेटायला येशील? तिनं लगेच हो म्हटलं नाही. विचार केला. मग म्हणाली, "येईन. पण मला राग आहे त्यांचा." मी म्हटलं, मलाही आहे, बरोबर घेऊन जाऊ.

शेवटी नाक पुसून म्हणाली, "आता केस पूर्ण काप. आणि बोलू नकोस मध्ये, तू बोलताना वाकडं कापतेस."

सोमवार, २९ एप्रिल

गटाला सांगितलं. सांगून झाल्यावर कुणालाच धक्का बसलेला दिसेना. सिस्टर आजी माझ्यासाठी चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला त्या दिवशीच कळलं होतं गं."

"मग मूग गिळून का बसलात सगळे?"

"तू विचारलं नव्हतंस," पोस्टातली म्हणाली. तिला हे बोलायला मिळायची ती किती दिवस वाट बघत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "मी दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले. जीभ चावून चावून."

बाईंनी मुलांना भेटीला न्यायचे नियम समजावून सांगितले. वेल्डरनं विचारलं, "तिला काचेची भीती वाटेल का? माझ्या मुलाला दवाखान्यातल्या जाळीची वाटली. मी म्हटलं, ही जाळीही माझ्या मुखवट्यासारखीच, मागे माणूस आपलाच. मग गेली." मी विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं. आज नियम मोडला म्हणून कुणाला काही वाटलं नाही. खुर्च्या पुन्हा गोल मांडल्या होत्या, आणि आरसे मागे होते.

निघताना वेल्डरनं खिशातून तेलाची छोटी बाटली काढली आणि खुर्चीच्या दांड्यात तेल सोडलं. "त्या दिवसापासून कर्रकर्र ऐकतोय," म्हणाला.

शनिवार, ४ मे

मुंगीनं सकाळी तिचं आणि माझं ओळखपत्र पिशवीत घातलं आणि मला दाखवलं. बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि पिशवी मांडीवर धरली. मी दोनदा विचारलं, परत जायचंय का. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

आत झडती घेणाऱ्या बाईनं तिची वेणी चाचपली. मुंगी माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग लांब खोली, मध्ये काच लावलेला ओटा, आणि काचेपलीकडे हे. कान तसेच, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. मी आधी कळवलं होतं, तरी तिला बघून त्यांचा हात रिसीव्हरपर्यंत जाईना. पलीकडच्या खुर्चीत नुसते बसून राहिले. मला वाटलं, आता ही उठेल.

मुंगीनं आपला रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि काचेवर बोटानं टकटक केलं. तेव्हा त्यांनी उचलला. त्यांच्या ओठांवरून मला कळलं, ते "मुंगी" म्हणाले, एवढंच.

ती त्यांच्याकडे नीट बघत होती. कानांकडे, हनुवटीकडे, डोळ्यांकडे. तिचा राग गेला नव्हता, तिच्या जबड्यावरून मला दिसत होतं. तरी ती पुढे झुकली आणि म्हणाली, "आज नेटवर्क चांगलं आहे, बाबा."

ते हसले आणि हसता हसता त्यांनी तोंडावर हात धरला. मी मागे सरकून भिंतीपाशी बाकावर बसले. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत तिनं रिसीव्हर मला दिला नाही.